साडेसत्तेचाळीस इंच

आमचा खालचा हॉल अकरा फूट बाय साडेचौदा फूट आहे. वर धाकटा भाऊ राहतो, त्याचाही हॉल अकरा बाय साडेचौदा. तसा तो असायलाच हवा, कारण खालच्या कॉलमवरच वरचे कॉलम चढवले आहेत. काटेकोर बोलायचं तर वरचा हॉल लांबीला पाऊण इंच कमी भरतो. त्याच्या एका भिंतीचा गिलावा जाड बसला आहे. हे अंदाजानं सांगत नाही, मोजून सांगतो. मी मोजणी खात्यात नोकरीला आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजतोय. घरात खिळा ठोकायचा झाला तरी टेप माझ्या हातात असतो.

तर पाऊण इंचानं लहान असलेला तो हॉल माझ्या हॉलपेक्षा मोठा दिसतो. हे मला एकट्याला वाटत असतं तर डोळ्यांचा दोष म्हणून सोडून दिलं असतं. पण गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे जो येतो तो आधी वर जाऊन येतो, मग खाली चहाला बसतो, आणि चहा संपेपर्यंत वरच्या हॉलबद्दल बोलतो.

मला त्याचा हेवा वाटतो हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. आमच्याकडे याला 'जळतंय' म्हणतात, आणि तोच शब्द जास्त बरोबर आहे. छातीच्या खाली, पोटाच्या वर, साधारण चार बोटं जागेत ते जळतं.

भावाचं साड्यांचं दुकान आहे. दिवसभर घड्या मोडायच्या आणि परत घालायच्या हे त्याचं काम. तो मोबाइलवर घर सजवण्याचे व्हिडिओ बघायला लागला तेव्हा मी लक्ष दिलं नाही. दिवाळी झाली आणि एका रविवारी त्यानं हॉलमधलं सगळं सामान गच्चीवर नेलं. भिंतींना ताकासारखा रंग दिला. मग एकेक वस्तू खाली आणायची, ठेवायची, दाराशी जाऊन बघायची, पुन्हा उचलायची, असं आठ दिवस चाललं. निम्मं सामान परत आलंच नाही. जे आलं ते असं बसलं, की ते कधी दुसरीकडे असेल असं वाटेना.

मी वर बघायला गेलो. पडदे खिडकीपुरते न राहता छतापासून थेट फरशीपर्यंत उतरले होते. ट्यूबलाइट जाऊन तीन कोपऱ्यांत तीन पिवळे दिवे आले होते. सोफा भिंतीपासून पुढे घेतला होता.

"रॉड किती फुटांवर घेतलास?" मी विचारलं.

"बघितलं न्हाय गा दादा. शिडीवर चढलो, हिला म्हटलं, बरं दिसतंय काय? ही म्हणाली, अजून वर. मग तितं ठोकला."

"आणि सोफा?"

"सोफा ढकलत गेलो. बरा वाटला तितं थांबलो."

बरा वाटला. या दोन शब्दांचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. मी वीतभर बांधासाठी भर उन्हात तीन तीन तास उभा राहिलेला माणूस आहे. 'मला असं वाटतं' म्हणणाऱ्या शेतकऱ्याला मी आजवर एकच उत्तर दिलंय, की वाटण्याला नकाशात जागा नाही.

सामान गच्चीवर नेलं त्याच दिवशी त्यानं मला आणखी एक गोष्ट विचारली होती. आमच्या वडिलांची, म्हणजे आबांची, एक खुर्ची जिन्याखाली पडून होती. आबा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षं होते. निवृत्त होताना तिथल्या लोकांनी त्यांना ती दिली. सागवानी, रुंद हातांची, बैठकीला आणि पाठीला हिरव्या नायलॉनच्या पट्ट्या. आम्ही दोन वर्षांपूर्वी सोफासेट घेतला, तेव्हा ती त्याच्याशेजारी शोभेना म्हणून मीच ती जिन्याखाली सारली.

"ती खुर्ची वर नेऊ काय?" भावानं विचारलं.

"ने की. तेवढीच जागा मोकळी होईल," मी म्हणालो.

हे माझेच शब्द आहेत. बायको तिथंच उभी होती, त्यामुळे नाकबूल करण्याची सोय नाही.

आबा आमच्याकडे खाली राहतात. त्यांची खोली खाली, जेवण खाली, गोळ्या खाली. वय अठ्ठ्याहत्तर, उजवा गुडघा अधू. वर जायला अठरा पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरी सात इंचांची. दिवाळीपर्यंत आबा महिन्यातून एखाद्या वेळी वर जायचे, तेही नातवाचा वाढदिवस असला तर. दिवाळीनंतर ते रोज चारचा चहा झाला की कठडा धरून चढायला लागले आणि सातच्या सुमाराला उतरायला लागले. डिसेंबरात सकाळीही जायला लागले. मी ऑफिसातून आलो की दारातल्या चपलांकडे आधी बघायचो. आबांच्या चपला तिथंच असायच्या, कारण वर ते अनवाणी जायचे, आणि त्यांची खोली रिकामी असायची.

"गुडघ्याचं काही त्यांना नाही वाटत?" मी बायकोला विचारायचो.

"वर बरं वाटत असंल," ती म्हणायची.

गुडघ्याची काळजी मला होतीच. पण ती काळजी किती आणि जळणं किती असं कुणी मोजायला सांगितलं असतं, तर काळजीच्या वाट्याला फार काही आलं नसतं. आमचा हॉल होता, त्यात वडील बसत नव्हते. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून संध्याकाळी त्या हॉलमध्ये मी एकटाच असायचो, आणि डोक्यावरच्या स्लॅबमधून आबांचा खोकला नाही, हसणं ऐकू यायचं.

मग कागलची आत्या आली. आत्या म्हणजे आबांची चुलत बहीण, तोंडाची फटकळ. वरून खाली आली, सोफ्यावर बसली आणि पदरानं वारा घेत म्हणाली, "वर झ्याक केलंय पोरानं. खाली आलं की जरा ऑफिसात आल्यागत होतंय."

मी हसलो. बायको आत जाऊन हसली, ते मला भांड्यांच्या आवाजावरून कळलं.

आत्याला वरची एकच गोष्ट खटकली होती. भावानं आईचा फोटो फारच खाली लावला होता. आई जाऊन चौदा वर्षं झाली. आमच्या हॉलमध्ये तिचा फोटो दाराच्या वर, सात फुटांवर, हार घालून लावलेला. भावानं तिचा दुसराच फोटो शोधून काढला, कागलच्या एका लग्नात पंगतीला बसलेली, हातात जिलेबी आणि तोंडभर हसू. तो त्यानं मोठा करून भिंतीवर लावला, हार नाही काही नाही, आणि इतका खाली, की उभ्या माणसाच्या छातीशी यावा.

"गेलेल्या माणसाचा फोटो असा खाली लावत्यात व्हय?" आत्या म्हणाली. "देवाघरच्या माणसाला मान वर करून बघायचं असतंय."

तिच्यामागोमाग उतरलेला भाऊ एवढंच म्हणाला, "आत्या, हितंच बरा दिसतोय."

जानेवारीत भावाकडचे सगळे दोन दिवसांसाठी हातकणंगल्याला लग्नाला गेले. जाताना कुंड्यांना पाणी घालायला चावी माझ्याकडे दिली. मी कुंड्यांना पाणी घातलं. मग खिशातून टेप काढला.

मी काही चोरी करत नव्हतो. पण दार आतून लावून घेतलं होतं, हेही खरं. तेवढ्यात बायको वर आली, तिनं दार वाजवलं, मी उघडलं, आणि टेप खिशात घालण्याआधी तिनं तो बघितला.

"मोजणी चाललीय?" ती म्हणाली. "मग लगतधारकांना नोटिसा काढायच्या होत्या की. हरकत असल्यास समक्ष हजर राहावे."

लगतधारक म्हणजे शेजारच्या जमिनीचे मालक. त्यांना कळवल्याशिवाय आम्ही कुठली जमीन मोजत नाही. सव्वीस वर्षं माझ्याबरोबर काढल्यावर तिला माझ्या खात्याची सगळी भाषा येते, आणि ती फक्त अशाच वेळी वापरते.

"टेपचं टोक धर," मी म्हणालो. तिनं धरलं.

पडद्याचा रॉड नऊ फूट दोन इंचांवर होता, छतापासून फक्त चार इंच खाली. म्हणून भिंत उंच वाटत होती. खिडकी तेवढीच, पण पडद्यामुळे ती कुठं सुरू होते नि कुठं संपते हे कळत नव्हतं. सोफा भिंतीपासून सात इंच पुढे. गालिचा नुसता मधे टाकलेला नव्हता, सोफ्याचे पुढचे दोन पाय त्यावर आले होते, म्हणून सगळं एकमेकांना धरून असल्यासारखं वाटत होतं. टीपॉय आणि सोफा यांत चौदा इंच. सगळे दिवे नजरेच्या खाली, त्यामुळे कोपरे उजळलेले आणि छत अंधारात. एकही आकडा सरळ नव्हता. पूर्ण फुटात बसणारी एकही गोष्ट त्या हॉलमध्ये नव्हती, आणि तरीही काही चुकलेलं नव्हतं. मी सगळं वहीत उतरवलं. आईच्या फोटोचा मध्य जमिनीपासून साडेसत्तेचाळीस इंच. त्यापुढे मी लिहिलं, 'कारण कळत नाही.'

खिडकीशी आबांची खुर्ची होती. भावानं तिला पॉलिश केलं होतं, पट्ट्या मात्र त्याच हिरव्या. मी तिला वळसा घालून टेप ओढला.

नऊ दिवसांची रजा काढून मी आमचा हॉल केला. अर्ध्या इंचाचाही फरक ठेवला नाही. रॉड नऊ फूट दोन इंचांवर. रंग तोच ताकासारखा. शोकेस रिकामं केलं; मुलीची प्रशस्तिपत्रं, माझ्या सत्काराचे नारळ, लग्नातली स्टीलची भांडी, कुणीतरी दिलेलं शिंपल्यांचं जहाज, सगळं पेट्यांत भरलं. जुना सोफा काढून नवीन घेतला, बैठकीला फक्त पंधरा इंच उंच, कारण सोफा बुटका असला की छत वर जातं असं मी दोन व्हिडिओंत ऐकलं होतं. त्यावर पाच कुशन. गालिचा. तीन पिवळे दिवे. आईचा हाराचा फोटो दारावरून उतरवला, हार काढला, काच पुसली आणि समोरच्या भिंतीवर साडेसत्तेचाळीस इंचांवर लावला. कारण कळलं नव्हतं, पण आकडा माझ्याकडे होता.

शेवटचं कुशन ठेवून मी दाराशी जाऊन बघितलं. चांगलं दिसत होतं. वरच्यासारखंच दिसत होतं. चार बोटांची ती जागा पहिल्यांदा गार पडली.

साडेतीन वाजता आबा खोलीतून बाहेर आले. उंबऱ्यातच थांबले. गालिच्याकडे बघितलं, कुशनांकडे बघितलं, मग पाय मागे घेतला.

"पावणं कोण येणार हाय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही आबा. आपल्यासाठीच केलंय."

"आपल्यासाठी?" त्यांनी आवाज खाली आणला. "पोरीला बघायला येणार असतील तर सांग की. मी काय कुणाला सांगत बसणार हाय?"

"तसं काही नाही. ती अजून शिकतेय."

"बरं, नको सांगूस." त्यांची नजर भिंतीवर गेली. "आनि हिला कशाला खाली उतरवलीस? पावण्यांसाठी?"

ते भिंतीच्या कडेकडेनं, गालिच्यावर पाय पडू न देता, जिन्याकडे गेले आणि चढायला लागले.

आमच्या घरात चांगल्या चादरी पाहुण्यांसाठीच निघतात. चांगले कप पाहुण्यांसाठी. उशांचे नवे अभ्रे पाहुणे यायच्या दिवशी सकाळी, आणि ते गेले की त्याच संध्याकाळी परत ट्रंकेत. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी त्यातच वाढलो. म्हणून आबांना खोटं वाटलं याचा मला राग धरता येईना. त्यांच्या हिशेबी हॉल सजलाय म्हणजे कुणीतरी येणार आहे, आणि थोरला मुलगा बापापासून नातीची सोयरीक लपवतोय. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "आलं न्हाईत अजून?" तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "लांबलं व्हय?" तोवर ते हॉलमध्ये बसले नाहीत, हॉलमधून चहासुद्धा नेला नाही. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा वर जायचे, ते आता खालची जागा पाहुण्यांसाठी मोकळी राहावी म्हणून सकाळी गेले की जेवायलाच उतरायला लागले.

मी जो हॉल त्यांना खाली ठेवण्यासाठी केला, त्यानं त्यांना आणखी दोन तास वर पाठवलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळची गोळी राहिली म्हणून मी ती घेऊन वर गेलो. दिवाळीनंतर आबा वर असताना मी वर गेलो नव्हतो. जायचं टाळत होतो.

आबा खिडकीशी त्यांच्या खुर्चीत बसले होते. भाऊ दुकानातून लवकर आला होता आणि गालिच्यावर मांडी घालून भडंग खात होता. वरच्या खिडकीतून गगनबावड्याचा रस्ता दिसतो. खाली आमच्या कंपाउंडची सहा फुटी भिंत आडवी येते. हंगाम चालू होता. एक ट्रॅक्टर, मागे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, हळूहळू येत होता.

"सांग," आबा भावाला म्हणाले.

"सोळा टन."

"डोळं हाईत का बटनं? मागली ट्रॉली बघ कशी टायरावर बसलीय. साडेअठरा."

"आबा, तुम्ही काट्याशिवाय कसं सांगता?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. "काटा काय सांगणार? गाडी आवारात वळली की मी आकडा बोलायचो. काट्यानं तेवढं व्हय म्हणायचं."

"दादाला इचारू नका," भाऊ तोंडातला घास गिळत म्हणाला. "दादा पहिल्यांदा ट्रॉली आडवी लावून ऊस उतरवून घेईल. मग मोजंल."

दोघं हसले. एकाच सुरात, एकाच वेळी थांबले.

शाळेत असताना मी पोरांना सांगायचो, की माझा बाप काट्यावर असतो आणि त्याच्या हातून किलोचा फरक होत नाही. मोजणी खात्यात लागलो तेव्हा मला वाटलं, मी आबांवर गेलोय. धाकटा आईवर गेलाय, सगळं अंदाजानं, सगळं चिमटीनं. त्या संध्याकाळी हातात गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभा असताना मला कळलं, की बत्तीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस नजरेनं जगला आणि त्याची नजर ज्याला मिळाली तो खाली बसून भडंग खात होता. हॉलचं जळणं एकवेळ चाललं असतं. हे त्याहून आत गेलं.

गोळी दिली आणि खाली आलो.

पुढच्या आठवड्यात आबांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी दीड महिना जिना बंद सांगितला. मला हवं होतं ते झालं, आबा खाली आले. पण ते त्यांच्या खोलीत, पलंगावर, भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. हॉलमध्ये पाहुणे यायचे होते. मी दोनदा हाताला धरून सोफ्यावर बसवलं. पंधरा इंचांच्या बैठकीतून त्यांना एकट्याला उठता येईना. हात टेकायला काही नाही, कुशन घसरायची. दुसऱ्यांदा ते उठताना मागे पडले, तेव्हा म्हणाले, "ऱ्हाऊ दे थोरल्या. चुरगळंल सगळं."

तीन दिवस घर शांत होतं. वरूनही आवाज नव्हता.

चौथ्या दिवशी रविवारी जिन्यात धडपड ऐकू आली. भाऊ आबांची खुर्ची डोक्यावर पालथी घेऊन उतरत होता. दारात थांबला.

"दादा, कुठं ठेवू?"

मी हॉलकडे बघितलं. सगळ्या जागा मोजून भरलेल्या होत्या. सर्वांत मोठी मोकळी जागा दोन फूट दोन इंच होती आणि ती चालायची वाट होती. मी जागा शोधत राहिलो, आणि तो डोक्यावर खुर्ची घेऊन, मान थोडी वाकडी करून, माझ्याच हॉलकडे बघत होता. मला माहीत होतं की त्याला दिसणार आहे. दिसू नये असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

"हितं," तो म्हणाला.

त्यानं खुर्ची खाली ठेवली, टीपॉय पायानं सरकवला, सोफा हातभर डावीकडे ढकलला, एक दिवा उचलून मागे नेला. एका मिनिटाच्या आत. हॉल बिघडला नाही. उलट आतापर्यंत त्यात काहीतरी कमी होतं आणि ते काय हे मलाच कळलं नव्हतं, असं दिसायला लागलं. मी दोन्ही हात खिशात घातले. उजव्या खिशात टेप होता.

आम्ही दोघांनी आबांना धरून आणलं. खुर्चीच्या रुंद हातांवर पंजे टेकून ते बसले, एकदा उठले, परत बसले. कुणाची मदत लागली नाही. त्यांनी समोर बघितलं.

भावानंही तिकडं बघितलं. मग खुर्चीमागे जाऊन गुडघ्यावर बसला, आबांच्या डोक्याशी डोकं आणलं, आणि म्हणाला, "दादा, आईचा फोटो अगदी बरोबर लावलायस की. आबांच्या नजरेला नजर. मी वर आबांना बसवून, भिंतीवर हात वरखाली करत खूण केली होती. तू कसं काय केलंस? तूबी बसवूनच केलंस व्हय?"

साडेसत्तेचाळीस इंच. खुर्चीत बसलेल्या आमच्या बापाचे डोळे. वरचे सगळे वाकडे आकडे, दिव्यांची उंची, पडदा जिथून सरकतो ती जागा, टीपॉयमधून सोडलेली वाट, हे सगळं त्या एका खुर्चीपासून निघालं होतं, आणि तेवढ्या एकाच वस्तूला मी वळसा घातला होता. मी 'व्हय' म्हणालो असतो तर कुणाला कळलं नसतं. फक्त बायकोला कळलं असतं, आणि ती तिथं नाही असं मला आधी वाटलं.

"नाही," मी म्हणालो. "तुझा मोजला."

"कधी?"

"तुम्ही लग्नाला गेला होता तेव्हा."

भावानं खुर्चीमागून डोकं वर काढलं. "सगळा हॉल?"

"सगळा."

"आनि खुर्ची?"

"खुर्ची नाही मोजली."

"मी म्हटलं होतं," स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली. "लगतधारकाला नोटीस द्या म्हणून."

भाऊ खुर्चीमागे बसला होता तो तिथंच फरशीवर टेकून हसायला लागला. मलाही हसू आलं, पण ते त्याच्या हसण्यापेक्षा उशिरा आलं आणि लवकर संपलं. कारण मी तेव्हाही तेच बघत होतो, की माझ्या हॉलमध्ये, मी मोजलेल्या सोफ्याशेजारी, त्यानं एका मिनिटात जागा काढली होती.

आबांना यातलं काही ऐकायला गेलं नव्हतं किंवा गेलं असून त्यांनी सोडून दिलं होतं. ते फोटोकडे बघत होते.

"चौदा वर्षं मान वर करून बघत हुतो," ते म्हणाले. "हिची टिकली वाकडी लावलीय. कुणी सांगितलं न्हाय तवा."

आम्ही तिघांनी जवळ जाऊन बघितलं. खरंच वाकडी होती.

भाऊ वर गेला. तो गेल्यावर मला राहवलं नाही. आबा उठून आत गेले तेवढ्यात मी खुर्चीची बैठक मोजली. साडेअठरा इंच. वहीत लिहून ठेवली. 'कारण कळत नाही' हे खोडलं.

आता संध्याकाळी आबा खाली बसतात. सोफ्यावरची तीन कुशन बायकोनं ट्रंकेत ठेवली, तेव्हा आबांनी ती जाताना बघितली आणि मला विचारलं, "गेलं व्हय पावणं?"

"गेलं," मी म्हणालो. एवढं खोटं चालून जावं.

"पसंती झाली न्हाय वाटतं," ते म्हणाले. "हुईल."

खालून रस्ता दिसत नाही. सहा फुटी भिंत आहे तिथंच आहे, आणि दीड महिना झाला की ते परत वर जाणार आहेत. त्यांनी तसं सांगूनच ठेवलंय. भाऊ रोज दुकानातून येताना डोकावतो आणि मला दोन मिनिटं तेच चार बोटं जागेत होतं. पण पाच ते सात मी असतो. मांडी घालून गालिच्यावर बसतो, भडंग खातो. ट्रॅक्टर चढाला लागला की त्याचा आवाज बदलतो, आबा मान तिरकी करून ऐकतात.

काल तसाच एक आला. आबांनी माझ्याकडे बघितलं.

"सांग," ते म्हणाले.

मला काय कळणार? भिंत दिसत होती. आवाज दिसत नाही, मोजता येत नाही.

"सतरा," मी म्हणालो.

"एकोणीस," आबा म्हणाले आणि मुठीत भडंग घेतलं. "बरं हाय. पहिलाच दिवस हाय तुझा."